मी स्वतः लक्ष घालते — अनघा

इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर लंच ब्रेकमध्ये वाचायचो, आणि खरं सांगतो, हसायला म्हणून वाचायचो. कुणी झाडाखालची बाई लिहिली की लगेच मित्राला फॉरवर्ड. मी मूळचा नागपूरचा, पेशाने इंजिनिअर, आणि सिस्टिमचा लॉग, म्हणजे तिने आपोआप ठेवलेली नोंद, बघितल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही ही माझी जुनी खोड. गंमत अशी की हा अनुभव मला हलवून गेला तो लॉग बघितल्यामुळेच... असो. सुरुवातीपासून सांगतो.

बंगळुरूला कोरमंगलामध्ये आमचं ऑफिस आहे. दुसरा मजला, आम्ही पाच जण. आमचं ॲप औषधांची आठवण करून देतं. वेळ झाली की फोन वाजतो, गोळी घेतली की बटण दाबायचं. ॲपचं नाव सांगत नाही, कारण नोकरी अजून तिथेच आहे.

छोट्या कंपनीत कोड लिहिणाऱ्यालाच बाकीची हमालीही करावी लागते. ॲप स्टोअरवर लोक एक स्टार देऊन शिव्या घालतात, त्यांना उत्तरं देणं माझ्या गळ्यात पडलं होतं. त्यासाठी माझ्याकडे तयार उत्तरांची एक शीट होती. रिव्ह्यूचे पहिले दोन-चार शब्द बघायचे, त्यातल्या त्यात जुळणारं उत्तर उचलायचं, चिकटवायचं, पुढे. चाळीस रिव्ह्यू अर्ध्या तासात. उत्तरं इंग्रजीत असायची आणि प्रत्येकाचा शेवट एकच, मराठीत सांगायचं तर: 'गैरसोयीबद्दल क्षमस्व. मी स्वतः यात लक्ष घालते आणि तुमच्याशी संपर्क साधते. — अनघा.'

अनघा नावाचं आमच्याकडे कुणीही नाही. कधी नव्हतंच. आमचा बॉस निखिल, दिल्लीचा, त्याचं म्हणणं की बाईचं नाव असलं की लोक जरा कमी शिव्या देतात. 'कोई अच्छा सा नाम बोल,' म्हणाला आणि माझ्या तोंडून अनघा निघालं. माझ्या नात्यात, वर्गात, कुठेही या नावाची मुलगी नाही. आणि संपर्क वगैरे कुणीच कुणाशी साधायचं नाही, हे सांगायला नकोच. त्या वाक्याचं आम्हाला काहीच वाटत नव्हतं. मला तर नव्हतंच.

तर एका गुरुवारी रात्री आम्ही ॲपचा नवीन अपडेट सोडला. पुढचे सोमवार-मंगळवार सगळे त्यातल्या बारीकसारीक दुरुस्त्यांत बुडालेले, रिव्ह्यू तुंबले. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास मी बसलो आणि एका दमात सगळ्यांना उत्तरं देऊन मोकळा झालो.

गुरुवारी दुपारी निखिलने मला त्याच्या टेबलाशी बोलावलं. त्याचा चेहरा उतरलेला. स्क्रीनवर एस. व्ही. इनामदार या माणसाचा रिव्ह्यू होता. एका स्टारचे पाच झाले होते आणि मजकूर बदललेला: 'मिस अनघा माझ्या मल्लेश्वरमच्या घरी आल्या, अलार्म नीट केला, मला डॉक्टरकडे नेलं. त्यांना माझे आभार कळवा.'

"ये कौन है?" निखिल म्हणाला. "हमारे नाम से कोई यूज़र के घर जा रहा है. पता कर."

मला वाटलं, डेटा लीक. कुणीतरी आमची यादी पळवली आणि आता म्हाताऱ्या माणसांच्या घरात घुसतंय. आमच्या नोंदीतून इनामदारांचा नंबर काढला, फोन केला. पलीकडून कानडी हेल काढून मराठी आलं, "अनघाच्या ऑफिसातून का? मग ये की घरी. शनिवारी सकाळी ये." 

मल्लेश्वरममध्ये तळमजल्यावरचं छोटं घर. इनामदार ऐंशीच्या घरातले, सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. घराणं तीन पिढ्या इथलं. बायको गेलेली, मुलगी म्हैसूरला, घरात एकटेच. "सगळे अण्णाच म्हणतात, तूही म्हण," म्हणाले आणि माझ्यासमोर कॉफी ठेवली.

"अण्णा, आधी अलार्मचं नेमकं काय झालं होतं?" मी विचारलं.

"अरे, मुलीने शिकवलेलं, की अण्णा, फोन वाजला की डायबेटिसची गोळी घ्यायची. आपण डोकं चालवायचं नाही. सरी, बरं म्हटलं. पण तुमचा तो अपडेट आल्यापासून आठला वाजायचा आणि परत नवालाही वाजायचा. मी दोन्ही वेळा घ्यायचो. तीन दिवस घेतली. स्वल्प चक्कर यायची, हात कापायचे. म्हणून तर लिहिलं तुम्हाला, की यातला खरा अलार्म कुठला ते सांगा. उत्तर येईना, म्हणून दोन्ही वेळा घेतच राहिलो."

मोबाईल काढून आमच्या नोंदींत त्यांचा बदलण्याआधीचा रिव्ह्यू तिथे बसून शोधला. रविवारी लिहिलेला, चार ओळींचा, अगदी स्वच्छ. 'अलार्म दोनदा वाजतो, मी दोनदा गोळी घेतो, चक्कर येते, कृपया सांगा.' आणि खाली माझं बुधवारचं उत्तर. मी फक्त 'अलार्म' एवढा शब्द बघून 'अलार्म वाजत नाही' वाल्यांचं उत्तर चिकटवलं होतं. नोटिफिकेशन चालू ठेवा, म्हणजे एकही डोस चुकणार नाही, असं. ज्या माणसाला दुप्पट डोस होत होता, त्याला. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

तिथूनच निखिलला फोन करून सांगितलं, अपडेटनंतर जुना अलार्म पुसला जात नाहीये, दोन-दोन वाजतायत, आत्ता सगळं बंद करून हे दुरुस्त करा. संध्याकाळपर्यंत ते झालंही. पण ते नंतरचं.

"मग अनघा कधी आली?" मी विचारलं.

"मंगळवारी. साडेनऊला. मी खुर्चीत बसलेलो, घामाने भिजलेलो, उठताच येईना. दार उघडंच होतं. ती आत आली, औषधाच्या ॲपवाली अनघा म्हणून सांगितलं, स्वयंपाकघरातून साखर आणून पाण्यात ढवळून पाजली. मग रिक्षात घालून डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले, बरं झालं लवकर आणलं. मग घरी सोडून फोनातला नवाचा अलार्मही तिनेच काढला."

"बुधवारी असेल, अण्णा. आमचं उत्तर तर बुधवारी गेलं."

"मंगळवारी रे," असं म्हणून त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. शिक्का मंगळवारचा.

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. मंगळवारच्या चौकोनात निळ्या पेनाने मराठीत लिहिलं होतं, 'सकाळी आठला एकच गोळी. — अनघा.' आणि त्याखाली चार आकडी नंबर.

हा नंबर समजावून सांगायला हवा. आम्ही रिव्ह्यूला उत्तर पाठवलं की त्या क्षणी आमची सिस्टिम त्या उत्तराला एक नंबर देते. तो ग्राहकाला दिसत नाही, फक्त आमच्या स्क्रीनवर दिसतो. मी लॅपटॉप उघडला. इनामदारांच्या उत्तराचा नंबर तोच होता. आणि तो तयार झाला होता बुधवारी, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी, मी बटण दाबल्यावर. मंगळवारी तो नंबर जगात कुठेच नव्हता. मी तीनदा बघितलं.

ऑफिसातलं कुणी असेल, हा विचार मीही केला. पण मंगळवारी सकाळी आठपासून आम्ही पाचही जण एका खोलीत अपडेटशी झुंजत होतो. परत जाताना दोन गल्ल्या पलीकडच्या त्या दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी सहज सांगितलं, "हां, बेटी साथ में आई थी ना. बाहर बैठी थी." म्हैसूरच्या मुलीला मी फोन केला. तिला तर यातलं काहीच माहीत नव्हतं.

दिसायला कशी होती, हे अण्णांना त्यांच्या घरून निघण्याआधीच विचारलं होतं. म्हणाले, "साधीच. कॉटनचा ड्रेस, खांद्याला पिशवी. तुझ्याहून मोठी असेल. घाईत होती." मग आठवून म्हणाले, "मी तिला म्हटलं, मी रविवारी लिहिलं, तुमच्याकडून काहीच उत्तर नाही. तर म्हणाली, उत्तर उद्या येईल अण्णा. पण तोवर तुम्हाला थांबता येणार नाही, म्हणून मी आधी आले."

माझ्याकडे बघून अण्णांना वाटलं मला बरं नाही, त्यांनी मलाच पाणी आणून दिलं.

त्याला आता आठ महिने झाले. ती शीट मी पुसून टाकली. प्रत्येक रिव्ह्यू शेवटपर्यंत वाचतो, खाली स्वतःचं नाव लिहितो आणि ज्याला संपर्क करतो म्हणतो, त्याला फोन करतो. दिवसाला दहाच उत्तरं होतात. निखिल कुरकुरतो, पण जास्त बोलत नाही, कारण ते कॅलेंडर त्यानेही येऊन बघितलंय. महिन्यातून एकदा मी मल्लेश्वरमला जातो. अण्णा दर वेळी विचारतात, "अनघाला माझे थँक्स सांगितलेस ना?" पहिल्यांदा मी हो म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणवेना.

मग एका दुपारी अण्णांचा तो पाच स्टारचा रिव्ह्यू उघडला आणि उत्तराच्या जागी मराठीत लिहिलं, 'अनघा, अण्णांनी थँक्स सांगितलेत. त्यांची साखर आता ठीक आहे. मी रविवारीच वाचायला हवं होतं.' खाली माझं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं. निखिल म्हणाला, ये किसको लिखा है, हटा. मी नाही हटवलं. सगळ्या जगाला दिसेल असं ते अजून तिथेच आहे.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि कुणी सुचवलेलं अजून पटलेलं नाही. एवढंच सांगतो, उत्तर पाठवल्यावर सवयीने नोंद बघायला गेलो. प्रत्येक उत्तराला नंबर मिळतो, तसा याला मिळालाच नाही. ती जागा आजही कोरी आहे. मागचा नंबर तिच्याकडे आधीच होता, तसा हाही तिनेच नेला, असं मला वाटत राहतं.