घंटेनंतरची कोंबडी

मुंबईच्या उपनगरांत आजवर जेवढ्या बायका बी.एड. झाल्या असतील, त्यांच्यात माझ्या सराव पाठांच्या जोडीदारणीइतक्या कमी तयारीत कुणीही झालेली नसेल. आणि तिचा केला तेवढा हेवा मी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाचा केलेला नाही, माझ्या जावेचासुद्धा नाही.

आमच्या वेळी नुसतं बी.ए. होऊन शाळेत लागता यायचं, पण ‘अनट्रेंड’ म्हणून. वर्ष संपलं की नोकरीही संपायची. कायम व्हायचं तर बी.एड.चं वर्ष काढायचं, नेमून दिलेल्या शाळेत सराव पाठ घ्यायचे आणि शेवटी परीक्षकांसमोर वार्षिक पाठ द्यायचा. कॉलेजने आमच्या जोड्या लावल्या होत्या: एकीने पाठ घ्यायचा, दुसरीने मागच्या बाकावर बसून निरीक्षण लिहायचं. मी नाहूरची. माझी जोडीदारीण मरोळ गावठाणातली, ख्रिस्ती. घरी भाजीचे वाफे, कोंबड्या आणि सदैव बोलायला तयार असलेली माणसं. आमची सरावाची शाळा मुलुंडला. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, “जूनपासून पाचवी ते सातवीला एक कायम जागा आहे. तुम्हा दोघींत जिचा वार्षिक पाठ सरस, ती माझी.” घरून चालत जाता येईल अशी कायमची नोकरी! मला ती जागा हवीच होती.

मी पाठाचं टाचण आठवडाभर आधी लिहीत असे. तक्ते रंगवलेले, सुतळी ओवलेली, खडू रंगांप्रमाणे लावलेले. घरी घड्याळ लावून उजळणी करायची. नवरा वर्ग म्हणून समोर बसायचा आणि मागच्या बाकावरच्या मुलासारखा झोपायचा. माझ्या जोडीदारीण बाईसाहेब टाचण लिहायच्या ते मरोळहून येताना बसमध्ये, मांडीवर. कुठल्या रस्त्याला किती खड्डे आहेत ते त्यांच्या अक्षरावरून कळे. तिचा गुंडाळफळा मी भिंतीवर टांगलेला क्वचितच पाहिला. एकदा पावसात तो तिच्या डोक्यावर होता, आणि एकदा त्यात सुके बोंबील गुंडाळलेले होते. त्या दिवशी पहिल्या बाकावरची मुलं आपण होऊन मागे बसली. अपूर्णांकांना तिने भोपळा आणि कोयती आणली. समुद्रावरच्या पाठाला तर खारदांड्याची ओळखीची मासळीवालीच घेऊन आली. टाचणातल्या ‘शैक्षणिक साधन’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘मावशी’. साधनाने वर्गाला भरपूर शिव्या घातल्या आणि वर्ग खूश झाला.

आज काय शिकायचं ते मुलांना आधी सांगावं लागे. त्याला हेतुकथन म्हणत. ते ती हटकून विसरायची. मी म्हणायची, “अगं, हेतुकथनाचे मार्क गेले तुझे!”

“काय सांगू गो? आज काय होणार ते मलाच कुठे ठाऊक होतं?”

आणि तरीही ती जिन्यात दिसली की मुलं धावत सुटायची. मी दिसले की पाटी-पुस्तक सावरायची. मी निरीक्षणात ‘वर्गात गोंगाट’ असं लिहायची. ते खरंच होतं.

वार्षिक पाठ एकाच दिवशी, एकाच सातवीत. आधी माझा: खारे वारे आणि मतलई वारे. निळे बाण, तांबडे बाण, प्रश्न, उजळणी, गृहपाठ, आणि शेवटचं वाक्य संपतं न संपतं तोच घंटा. घंटेच्या जरा आधीपासूनच कंपासपेट्या बंद झाल्याचे आवाज यायला लागले होते, टक्, टक्, पण माझं लक्ष परीक्षकांच्या मान डोलावण्याकडे होतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “झकास! नुसतं एक, वारा कुणाला लागला नाही.”

मग तिचा पाठ. पक्षी. टोपलीतून कोंबडी निघाली. एका मुलाने विचारलं, “बाई, पंख आहेत तर ही उडून का नाही जात?”

“हिलाच विचारू या,” असं म्हणून तिने कोंबडी सोडली. कोंबडी थेट कपाटावर. पुढे काय झालं ते मला क्रमाने लिहिताच आलं नाही. घंटा झाली तेव्हा परीक्षक स्वतः कोंबडीचा पंख पसरून धरून उभे होते आणि मुलं त्यांच्याभोवती कोंडाळं करून होती. एकही कंपासपेटी वाजली नाही. घंटा झाली हे मागच्या बाकावर फक्त मला कळलं.

उजळणी राहिली, गृहपाठ राहिला. तिचे मार्क कापले गेले. जागा मला मिळाली. ती पेढे मागायला घरी आली आणि जाताना अंडी ठेवून गेली. पुढे तिला चेंबूरला नोकरी लागली.

मी त्याच शाळेत आहे. माझा तास कधी लांबत नाही, आणि घंटेच्या आधी टक्, टक् रोज ऐकू येतं. यंदा मार्चमध्ये सातवीचा पोर्शन नेहमीप्रमाणे वेळेआधी संपला. उरलेल्या तासाला काय करायचं म्हणून मी मुलांना त्या कोंबडीची गोष्ट सांगायला घेतली. गोष्टीतली कोंबडी कपाटावर चढली आणि घंटा झाली. सवयीने मी थांबले. कान देऊन ऐकलं. काहीच वाजलं नाही.

“मग, बाई? खाली कशी आली ती?”

मी खुर्ची ओढून बसले आणि सांगू लागले. इतक्या वर्षांत घंटेच्या पलीकडे गेलेला माझा हा एकच तास, आणि तोही माझ्या जोडीदारणीनेच घेतला.