साडूचा नेम

आमच्या साडूइतका छळवादी चांगला माणूस सगळ्या पैठण रोडला सापडायचा नाय. छळवादी अशासाठी, की त्याच्यावर धड रागावताही येत नाही. कुठलीही नवी वस्तू घरात आली की हा आधी तिच्याशी सोयरीक जुळवतो. सायकल घेतली तेव्हा आठ दिवस नुसती हातात धरून हिंडवली. "ओळख तर होऊ द्या," म्हणायचा. त्याचा पोरगा जहाजावर नोकरीला. त्यानं एका दिवाळीला मासे मारायची बंदूक आणली, पाण्याखाली रबराच्या ताणावर सळई सोडणारी, आणि संगं डोळ्यांवर लावायची काच. तर हा ती काच कपाळावर चढवून चितेगावच्या बाजारात मेथी निवडत बसला. मेथीवाली म्हणाली, "मामा, डोळ्याचं आपरेशन झालं व्हय?" हा म्हणतो, "नाय बाई, मासे मारतो." तोवर एकही मारलेला नव्हता.

आता मासा म्हटलं की आमच्या सासुरवाडीत नाव माझं. चाळीस वर्षं विहिरीच्या काठावरून भाल्यानं मरळ मारत आलो. चौथी नापास माणसाला मिरवायला तेवढंच होतं, आणि तेही हा बंदूकवाला नेणार म्हणून मला घास गोड लागेना. त्यात तो शिकायला आला माझ्याकडंच. "दादा, नेम कसा धरायचा ते तुम्हीच सांगा." मी माझा कायदा सांगितला, दिसतो त्याच्या हातभर खाली मार, पाणी मासा उचलून दाखवतं. त्यानं ते पोथीसारखं धरलं. विहिरीत दगडाला दोरीनं दुधी भोपळा बांधून सोडायचा, तो पाण्यात मधोमध उभा राहायचा, आणि हा बुडी मारून त्याच्या हातभर खाली सळई सोडायचा. होळी आली तरी भोपळ्याला ओरखडा नाय. मेहुणी म्हणायची, "दाजी, भोपळे सडून चाललेत, पण ह्यांच्या हाताला एक लागंना." मी मिशीत हसायचो.

एकदा तो जेवायला गेला तेव्हा मी गुपचूप काच लावून उतरलो. हातभर खाली मारलं, गेलं खालून. परत मारलं, परत खालून. मग चिडून सरळ मारलं, तर सळई भोपळ्याच्या पोटात. काच लावून पाण्यात शिरल्यावर भोपळा दिसतो तिथंच असतो, फक्त जरा जवळ आणि मोठा वाटतो. माझा कायदा काठावरचा. मी नवा भोपळा बांधला आणि चार दिवस गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, त्या चार दिवसांत झोप झकास लागली.

पाचव्या दिवशी तो वर आला, ओठ निळे, दात वाजताहेत. म्हणाला, "दादा, तुमचं बरोबरच असणार. माझाच हात हलतो."

मी म्हणालो, "सरळ मार. माझं चुकलं." हे दोन शब्द माझ्या बायकोनंसुद्धा माझ्या तोंडून ऐकलेले नाहीत.

आठवड्यात त्यानं हातभर लांब मरळ काढली. सासुरवाडीत ताटं वाढली, सगळे त्याच्याकडं बघाय लागले. हा खाली मान घालून म्हणतो, "नेम दादांचा. म्या नुसता घोडा दाबला." वाया गेलेल्या दिवसांबद्दल त्यानं कुणाला चकार शब्द सांगितला नाही.

आता आम्ही दोघंही विहिरीत उतरत नाही, गुडघे नको म्हणतात. पण कधी कधी मी त्याचं ते "नेम दादांचा" एकटाच बोलून बघतो. त्याच्या जागी मी असतो तर ते माझ्या तोंडून निघालं नसतं. बंदुकीचा हेवा केव्हाच सरला, ह्याचा काही सरत नाही.