विहीण कुंडात उतरली

त्या रविवारी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर चिटपाखरू नव्हतं. माझ्या सुनेनं भज्यांचं पीठ भिजवलं होतं, ते दुपारपर्यंत तसंच. गोदामातली पॅकिंगची ड्युटी सोडून तिनं कुंडांजवळ टपरी टाकली होती. चहा, भजी, आणि आंघोळीला येणाऱ्यांना भाड्यानं टॉवेल. टपरी बंद पडली तर तिला पुन्हा गोदामात दिवसभर उभं राहावं लागणार होतं. तिच्या पायांच्या सुजलेल्या शिरा मी बघितल्या होत्या.

कारण संध्याकाळी कळलं. मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. कुठल्यातरी तळ्यातून भाजलेल्या माणसाला बाहेर काढत होते आणि खाली लिहिलं होतं, अकलोलीचं पाणी अचानक उकळलं, कोणी जाऊ नका. मी चौथी शिकलेली, एवढं वाचता येतं. तिथं कोणी भाजलं असतं, तर आधी आम्हालाच दिसलं असतं.

टपरीवर वाद पेटला. मुलगा म्हणाला, "ज्यानं बनवला त्याला आत टाकला पायजे." शेजारचा नारळवाला म्हणाला, "ग्रुपच्या ॲडमिनला धरा." कोणी मोबाइलच्या कंपनीला धरलं, कोणी सरकारला. मी विचारलं, "तुमच्यातल्या किती जणांनी पुढं धाडला?" तर सगळे खाली बघून चहा प्यायला लागले.

सुनेनं हळूच आपला मोबाइल दाखवला. तिला तो तिच्या आईनंच पाठवला होता, आणि बचतगटाच्या ग्रुपवरही टाकला होता.

मग मला कुठला दम निघतोय. सकाळीच रिक्षा धरली आणि अंबाडीवरून विहिणीचं गाव दिघाशी गाठलं. विहीणबाई ओटीवर वाल निवडत होत्या.

"हा तुम्ही धाडला?"

"मंग? लेक तिथं बसते माझी. जीव तुटतो."

"लेकीला धाडलात, ठीक हाय. बचतगटाला कशाला?"

"त्यांना लेकी न्हाईत?"

"आता कोणच येत न्हाय तिकडं. तुमची लेक परत गोदामात जाईल."

त्यांचा हात थांबला. तरी म्हणाल्या, "मी कुठं बनवला? मला आला, मी धाडला. माझा काय दोष?"

"तुमची म्हैस दुसऱ्याच्या वालात शिरली, तर म्हशीला मी जन्म दिला न्हाय म्हणून सांगता? का हाकलून आणता?"

विहीणबाई उठल्या, पदर खोचला. "चला. कुठल्या कुंडात बसू ते सांगा."

मी तर फक्त खरं काय ते गटाला कळवा म्हणून सांगायला गेले होते. पण ही बाई माझ्याआधी रिक्षात जाऊन बसली.

सुनेनं मोबाइल धरला. विहीण लुगड्यासकट कुंडात उतरली, गळ्याइतक्या पाण्यात बसली आणि म्हणाली, "बघा गं बायांनो, उकळतंय का? कोमट हाय." व्हिडिओ गटात गेला, तिथून चारी दिशांना. आम्ही तिघी मोबाइलमध्ये डोकी घालून बसलो. उत्तरांवर उत्तरं येत होती. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सुनेला नेहमीच्या गिऱ्हाइकाचा फोन. "ताई, कुंडं थंड पडली म्हणे? मग येऊन काय करायचं?"

विहिणीला मीच कडेच्या कुंडात बसवलं होतं. तिथलं पाणी कोमटच असतं. कढत कुंड पलीकडे आहे.

मुलगा हसून हसून वाकला. "आता बोल आई, जबाबदार कोण? कंपनी का सरकार?"

"मी," म्हटलं आणि टॉवेल उचलला.

कढत कुंडात पाय टाकला तशा पिंढऱ्या लाल झाल्या. दात दाबून बसले. "धर मोबाइल," सुनेला म्हटलं. "पाण्याची वाफ दिसू दे. आणि पहिला तुझ्या आईला धाड. म्हणावं, कोमट बोललात ते आता निस्तरा."

लगेच मोबाइलवर विहिणीचा आवाज आला, "रिक्षात बसतेय. मी येईस्तवर बाहेर निघू नका, मीबी बसणार."

कठड्यावर दोन माणसं उभी राहून माझ्याकडे बघत होती. त्यातल्या एकानं सुनेला विचारलं, "टॉवेल भाड्यानं मिळतो का?"

तिनं मोबाइल नवऱ्याच्या हातात कोंबला आणि टपरीकडे धावली.