उपाशीपोटी

लेकीच्या दाढा किडल्या तेव्हा ती पाच वर्षांची होती. गाल सुजून टम्म झाला होता. आदिलाबादच्या एका दवाखान्यात नेलं, तर तिथं दोघींनी पाय धरले, एकानं डोकं दाबलं आणि मला म्हणाले, "हात पकडो, अम्मा." मी धरले. माझ्याच लेकीचे हात मी दाबून धरले! ती किंचाळत होती आणि तो दातांचा डॉक्टर खुशाल मोबाइलवर बोलत होता. दाढ निघालीच नाही. त्यानंतर महिनाभर मी जवळ घेतलं तरी पोर अंग चोरायची. त्या माणसाचं तोंड आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मग दुसऱ्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता लागला. लहान मुलांना गुंगीचं औषध पाजून त्या दात काढायच्या. गोडसर औषध, पोर पेंगुळतं, कुणाला धरावं लागत नाही आणि औषध चढल्यावरचं पुढं काही आठवतही नाही. अट एकच होती, रात्रीच्या जेवणानंतर पोटात काही जायला नको. गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनळीत उतरते, पोर जिवाला मुकू शकतं. बाईंनी हे मला हिंदीत दोनदा सांगितलं, तेलुगूत एकदा. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. ते तीन आठवडे तिनं एका बाजूनं चावत आणि कण्हत काढले.

त्या सकाळी आमच्या गावाहून, मावल्याहून, निघायची माझी धांदल चालली होती. आमच्याकडे मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला दही-साखर दिल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. मी कागद शोधत होते, तेवढ्यात सासूबाईंनी नातीला ते दिलं. बरं, हातावर चमचाभर नाही, चांगलं वाटीभर! ऑटोत बसल्यावर मला पोरीच्या ओठावर पांढरी रेघ दिसली.

"काय खाल्लं गं?"

"आजीनं दही देल्लं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. परत फिरायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पुन्हा तारीख, पुन्हा ते कण्हणं, आणि मधेच ठणका वाढला तर पुन्हा त्या पहिल्या कसायाकडे. मी पदरानं तिचा ओठ पुसला.

बाईंनी विचारलं, "सुबह से कुछ खाया?" मी म्हणाले, "नहीं."

औषध घेऊन ती अर्ध्या तासात लुळी पडली. खुर्चीवर ठेवली नाही तोच भडाभडा ओकली. आंबट वास सुटला. बाईंनी तिला झटकन कुशीवर वळवलं, तोंडात नळी घालून सगळं ओढून काढलं. क्षणभर तिचे ओठ निळसर झाले. मग ती खोकली, रडली. एवढा गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही.

"मैंने पूछा था ना!" बाई ओरडल्या.

"सास ने खिलाया. मुझे मालूम नहीं था."

घरी येऊन मी सासूबाईंवर तुटून पडले. "मारून टाकत होते तुमी माह्या लेकराले!"

त्या भेदरून म्हणाल्या, "दही-साखर का जेवण असते काय वं? मले काय मालूम?"

महिन्यानं त्याच बाईंनी त्या दाढा काढल्या, नीट, उपाशीपोटी. पण माझं तोंड थांबलं नाही. चार वर्षं मी शेजारीपाजारी, लग्नात, बारशात हीच कहाणी सांगत आले, आणि दर वेळी सासूबाई मान खाली घालून ऐकत आल्या. त्यांचं ते गप्प बसणंही माझ्या डोक्यात जायचं.

परवा मी, सासूबाई आणि लेक बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो. शेजारीण आली आणि मी पुन्हा सुरू केलं. म्हातारीच्या हातातली जुडी तशीच राहिली. लेक आता नऊ वर्षांची आहे. वर न पाहता ती म्हणाली, "आई, मी डॉक्टरबाईले सांगूनच राह्यली होती. तू माहा हात दाबला."

औषधानं सगळं विसरतं, असं बाई म्हणाल्या होत्या. पण हात मी औषधाच्या आधी दाबला होता.