लॅबमधल्या आजोबांचा पासवर्ड

गुरुवारी दुपारी आमच्या लॅबची लाईट गेली. महाडला लाईट जाण्यात नवल काही नाही, पण यावेळी यूपीएसनेही मान टाकली... आणि आमचे आजोबा बंद पडले.

आजोबा म्हणजे जुना युनिक्सवाला कॉम्प्युटर. एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीत, सॅम्पलमध्ये काय काय मिसळलंय ते तपासणारी एक मशीन आहे, ती फक्त यांचंच ऐकते. डबा पिवळा पडलाय, पंखा मिक्सरसारखा ओरडतो... पण आजवर कधी दांडी नाही.

लाईट आल्यावर आजोबा उठले, दोन ओळी दाखवल्या आणि अडून बसले. डिस्क तपासायची आहे, आधी रूट पासवर्ड द्या. रूट म्हणजे घरातला कर्ता माणूस, त्याच्या परवानगीशिवाय पुढे पान हलत नाही. इतक्या दिवसांत हा पासवर्ड मला कुणी विचारलाच नव्हता!

साहेब म्हणाले, "शनिवारपर्यंत चालू झाला तर ठीक, नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय." त्या डब्यात मोरेकाकांचं बावीस वर्षांचं काम होतं. कुठला माल कसा तपासायचा, किती तापमान, किती वेळ, सगळी सेटिंग्ज त्यांनी एकेक करून बसवलेली. कॉपी? "नंतर काढू" म्हणणारी शहाणी मीच.

मोरेकाका आमचे जुने लॅब इनचार्ज, मला पिपेट धरायला शिकवलेला माणूस. दीड वर्षापूर्वी रिटायर झाले, आता गावी, कापड्याला, भातशेती बघतात. जाताना चार्जची वही माझ्या हातात देऊन गेले होते, ती धावत जाऊन काढली. 'रूट पासवर्ड'च्या समोर काकांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं... 'नाय ठाव'.

घ्या! म्हणजे काकांनाही माहीत नाही. तरी फोन लावला, तर मागे मळणीची मशीन धडधडत होती. "वहीत लिवला हाय गो!" एवढंच ओरडले आणि रेंज गेली. नंतर फोन लागलाच नाही.

आता मात्र माझं डोकं फिरलं. पुण्याचा सर्व्हिसवाला म्हणाला, जुनी सीडी लागेल, ती शोधायलाच पंधरा दिवस. आणि इकडे काका थट्टा करतायत... की राग काढतायत?

कारण राग यायला जागा होती. सेंड-ऑफच्या दिवशी मी माइकवरून बोलून गेले होते, "काका, या आजोबांनाही घेऊन जा, दोघं म्हातारे मिळून आराम करा." सगळे हसले, काका हसले नाहीत. ते मला तेव्हाच दिसलं होतं, पण सॉरी म्हणायचं राहून गेलं... नंतर लाज वाटून फोनही केला नाही.

शनिवारी सकाळी स्कूटी काढली आणि पोलादपूरवरून थेट कापडे गाठलं. काका खळ्यावर होते. पाणी प्यायच्या आधीच मी सुरू झाले, "काका, त्या दिवशी बोलले त्याची माफी मागते. हवं तेवढं रागवा, पण पासवर्ड तेवढा सांगा."

काका म्हणाले, "राग कसला गो? मी तर खरंच सायबाला विचारणार होतो, नेऊ का याला म्हणून. तेव्हापासून तोच विचार डोक्यात. पण घरवाली म्हणाली, एक म्हातारा घरी येतोय तेवढा पुरे." काकी आतून म्हणाल्या, "मग काय!"

"बरं, आणि पासवर्ड?"

"नाय ठाव."

"काका!!"

"अगो बाय, तोच पासवर्ड हाय!"

झालं होतं असं... आजोबांना बसवायला बंगळूरकडचा इंजिनीअर आला होता, मराठीचा गंध नाही. त्याने विचारलं, पासवर्ड काय ठेवायचा? काका तेव्हा नवखे, गांगरून म्हणाले, "नाय ठाव." त्याने मान डोलावली आणि तेच टाइप केलं. दोनदा! काकांनी मग तो तसाच ठेवला. "कोण विचारील त्याला खरा तेच सांगायचो. खोटा बोलायला नको!"

मी खळ्यावरच बसकण मारली. हसावं की रडावं कळेना.

बरं, कळलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण स्पेलिंग इंजिनीअरच्या कानाने लिहिलेलं. "ठ ला एच नाय लावायचा. त्याला ठ कुठला ऐकू येतोय!" कागदावर लिहून द्या म्हटलं, तोवर काका शर्ट बदलून स्कूटीवर मागे बसलेसुद्धा.

लॅबमध्ये काकांनी दोन बोटांनी पासवर्ड टाइप केला... आणि आजोबा हलले. मग प्रत्येक बिघाडाला विचारत सुटले, दुरुस्त करू का, हो की नाही? मी एकेक ओळ वाचायला लागले, तर काका म्हणाले, "हो म्हण. म्हाताऱ्याशी वाद नाय घालायचा." मी आपली हो, हो, हो...

थोड्या वेळाने स्क्रीन उघडली. काकांची सगळी सेटिंग्ज जागच्या जागी होती. मला रडू फुटलं, लपवत नाही. काका डब्यावर हात ठेवून नुसते उभे होते.

आधी कॉपी काढली, मग पासवर्ड बदलला. (तेव्हा उगाच प्रयत्न करू नका!) मी टाइप करत होते तेव्हा काका शिस्तीत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तेवढ्यात साहेब आले. "अरे वा, चालू झाला! काय होता पासवर्ड?"

काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "नाय ठाव, सायब."

साहेब माझ्याकडे बघायला लागले आणि मी छताकडे.

सोमवारी भंगारवाला आला आणि दोन मोडक्या खुर्च्या घेऊन गेला. आजोबा नेहमीसारखे ओरडतायत.

माणसाच्या मनाचा ठाव लागत नाही म्हणतो आपण. काकांनी तर वहीत लिहून दिलं होतं, आणि मी दीड वर्ष त्यांना रागावलेलं समजून गप्प बसले होते. कापडे काही लांब नाही हो... जाऊन विचारायला मला लाईट जावी लागली.