मावशीचं घड्याळ, ड्रायव्हरची उशी

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पडदा आणि मावशी. आदिवासी वस्तीतल्या या आरोग्यसेविकेला तोंडावर सगळे मावशी म्हणत, पाठीमागे ‘पंधरा मिनिटं’. तिच्या गळ्यात घंटी वाजवणारं स्वयंपाकघरातलं घड्याळ लोंबत असे. बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला की ती बजावी, “पंधरा मिनिटं बस. तोवर मी बोलते.” एक रेघ उमटली तर सुटका, दोन उमटल्या तर गरमीचा रोग, डॉक्टरांच्या भाषेत सिफिलिस. बोलण्याचं काम मात्र ती घड्याळ येण्याआधीपासून चोख करत होती.

पूर्वी इथलं रक्त बर्फाच्या डब्यातून शहरात जाई आणि तीन आठवड्यांनी कागद येई. तोवर माणूस कुठल्या डोंगरात कामाला, देव जाणे. मावशीच्या सख्ख्या बहिणीचा कागद आला तो बाळाला पुरून आल्यावर. म्हणूनच मावशी त्या पट्ट्यांचं खोकं रोज सकाळी फडक्याने पुसायची. वस्ती हसे. हसू देत.

त्या दिवशी पडद्याआड त्याच बहिणीची मुलगी बसली होती, सहा महिन्यांची गरोदर. दोन रेघा उमटल्या. मावशीने इंजेक्शन दिलं आणि डोळे पुसले, दोघींचे. तुझ्या आईच्या वेळी ही पट्टी नव्हती, आता आहे, वेळेत कळलंय, असं तिने समजावलं. पण नवऱ्यालाही औषध हवं, नाहीतर रोग परत तुझ्याकडे येईल.

नवरा बाहेर ट्रकमध्ये चढत होता, दोन महिन्यांसाठी खाणीवर.

“त्यांना सांग,” भाची म्हणाली, “पण लोकांना कळू देऊ नकोस.”

एकट्या जावयाला हाक मारली असती तर दुपारपर्यंत वस्तीभर बोभाटा. मावशी सरळ ट्रकपुढे जाऊन उभी राहिली आणि कामावर निघालेल्या सगळ्यांनीच तपासून जावं म्हणून गळ घालू लागली. ड्रायव्हर कुरकुरला. त्रेसष्ट वर्षांचा विधुर तो, या वयात त्याला काय होणार?

“मग घाबरता कशाला, काका?”

ट्रकभर हशा पिकला. ड्रायव्हरने मिशीला पीळ देत बोट पुढे केलं, मग मागे राहायची कुणाची टाप!

मावशीने एकेकाला पडद्याआड बोलावलं आणि प्रत्येकाला सारखाच वेळ ठेवून घेतलं. ड्रायव्हरसकट सात जणांना नुसतं व्याख्यान मिळालं. जावयाला दोन रेघा आणि कमरेखाली दोन इंजेक्शनं, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्याने विचारलं ते एवढंच, “ती बरी आहे ना, मावशी?”

सगळं जमलं होतं. मावशी विसरली ती फक्त ट्रकमधली लाकडी फळी आणि सात तासांचा खड्ड्यांचा रस्ता. जावई पायऱ्या उतरला तो काचेच्या माणसासारखा. ड्रायव्हर बघत होता. बायकोने मरण्याआधी शिवलेली एक उशी तो सीटवर ठेवी; तिला हात लावणाऱ्याला ट्रकमधून उतरवी. ती त्याने उचलून शेजारच्या सीटवर टाकली.

“तू पुढे बस रे. मला गप्पांना माणूस लागतं.”

परिणाम असा की खाणीवर जावई ताठ उतरला आणि ड्रायव्हर कमरेत वाकडा. बस्स! ट्रक परत यायच्या आत बातमी वस्तीत हजर: दोन रेघा ड्रायव्हरच्याच. त्रेसष्टाव्या वर्षी, म्हणे! दुकानात लोक त्याला बघून खोकू लागले. तो मिशीतल्या मिशीत हसे. खुलासा म्हणून करत नसे. मावशीचा जीव मात्र तुटे. म्हाताऱ्याची बाजू घ्यावी तर जावई उघडा पडणार. जन्मात पहिल्यांदा तिला तोंड मिटून बसावं लागलं.

तीन महिन्यांनी भाचीला मुलगी झाली. डॉक्टरांनी तपासून ठणठणीत ठरवलेली, आवाज थेट मावशीवर गेलेला. आठवड्याभराने ड्रायव्हर औषधांची खोकी द्यायला दवाखान्यात आला. सख्खी आजी हात पसरून उभी होती, तरी मावशीने बाळ आधी त्याच्या मांडीवर ठेवलं, आणि मांडीखाली स्वतःच्या घरची उशी.

“पंधरा मिनिटं धरायचं, काका. हलायचं नाही.”

तिने घड्याळाला चावी दिली. आणि घंटी वाजेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.