लटारूभाऊंची बोटभर खिडकी

लटारू मारोती बोरकुटे हे चांदा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, सिरोंच्याच्या वाटेवरील एका कुष्ठरोग दवाखान्यात १९५३ ते १९५९ या काळात नोंदणी कारकून होते. त्यांपैकी पाच वर्षे मी तेथे कंपाउंडर होतो. पुढे लिहिलेले बहुतेक मी स्वतः पाहिले आहे. जे पाहिले नाही ते त्यांनीच मला नंतर सांगितले.

दवाखाना म्हणजे दोन कौलारू खोल्या व एक ओसरी. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा, मंगळवारी येत. दर मंगळवारी पुरुषांना व दर शुक्रवारी स्त्रियांना आठवड्याच्या गोळ्या मिळत, आणि प्रत्येक रुग्ण ओसरीतील रजिस्टरात आपल्या ओळीवर अंगठा उमटवी. पहिल्या वर्षी ते रजिस्टर उघडेच असे. एके दिवशी औषधाला आलेल्या एका ठेकेदाराच्या मुनशीने अंगठ्याऐवजी सही केली आणि सही करता करता वरची तीन नावे वाचून घेतली. त्यांत वारलू नावाच्या शेतकऱ्याचे नाव होते. आठ दिवसांत वारलूच्या घराला गावची विहीर बंद झाली. त्याची बायको रंभा दवाखान्यात आली, पाण्याचा रिकामा गुंड तिने मेजावर ठेवला, आणि तो उचलून ती निघून गेली.

लटारूभाऊंनी त्याच आठवड्यात औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा रजिस्टरच्या मापाने कापला, त्यावर काळे कापड चिकटवले आणि मधोमध एका ओळीएवढी, बोटभर रुंदीची खिडकी पाडली. पुठ्ठा पानावर ठेवला की रुग्णाला केवळ स्वतःची ओळ दिसे. नावाने पुकारणे बंद झाले. प्रत्येकाला क्रमांक मिळाला. मला क्रमांक आणि गोळ्यांची संख्या एवढेच चिठ्ठीवर लिहून येई. संपूर्ण पान पाहण्याचा अधिकार डॉक्टरांना, आणि ते लिहिणाऱ्या लटारूभाऊंना. एकदा फौजदार चौकशीला आला, तेव्हा त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले आणि रुग्णांची एकूण बेरीज सांगितली. अधिक काही नाही.

या शिस्तीची चेष्टाही होई. शुक्रवारच्या जुन्या रुग्ण सुगंधाबाई रांगेतून विचारत, "लटारूभाऊ, घरी बायकोलेबी पुठ्ठ्यातूनच तोंड दाखवतो का? एक डोया सोमवारी, एक गुरुवारी?" बायका हसत. लटारूभाऊ मान खाली घालून पुढचा क्रमांक पुकारत.

क्रमांक एकेचाळीस हा मंगरू. सात मैलांवरच्या जंगलातील बारा घरांच्या टोल्यावरून, बांबू तोडायला जातो असे घरी सांगून तो मंगळवारी येई. क्रमांक त्र्याऐंशी ही बुधरी. ती चारोळी विकण्याच्या निमित्ताने शुक्रवारी येई. दोघांनाही गोळ्या मीच देत असे. ती दोघे नवराबायको आहेत, हे मला ठाऊक नव्हते. मंगरूला बुधरीचे ठाऊक नव्हते, बुधरीला मंगरूचे नव्हते. ते एकट्या लटारूभाऊंना ठाऊक होते. कारण गाव आणि पतीचे नाव हे रकाने त्यांनीच भरले होते. शिवाय पहिल्याच दिवशी बुधरीने त्यांच्याकडून वचन घेतले होते. आपल्या माणसाला कळले तर आपण जगणार नाही, असे ती म्हणाली होती.

१९५५ च्या कार्तिकातील एका मंगळवारी मंगरूने अंगठा उमटवला, पण तो मेजापासून हलला नाही. मी आतल्या खोलीत होतो. बोलणे मला स्पष्ट ऐकू आले.

"भाऊ, हे माह्यापासून घरच्या बाईले होईन का?"

ते डॉक्टरले विचार, पुढच्या मंगळवारी येतीन, असे लटारूभाऊ म्हणाले.

"तोवर त तिच्या संगच राहाचं. नाई भाऊ. मी नदीपल्याडच्या रोग्यायच्या वसाहतीत जातो. ती चांगली हाय, चांगलीच राहू दे."

लटारूभाऊंनी मला नंतर सांगितले की, त्या वेळी त्यांचा हात पुठ्ठ्यावर होता. चार पाने पुढे बुधरीची ओळ होती. तिच्यावर आठ महिन्यांचे अंगठे होते. एक वाक्य पुरले असते. ते एवढेच म्हणाले, "आठ दिवस थांब." गोळ्या कमरेला खोचून मंगरू गेला.

त्याच दुपारी त्यांनी डॉक्टरांना पत्र लिहून, बुधरीचे मंगरूला सांगण्याची परवानगी मागितली. सोमवारी ती आली. मंगळवारी त्यांनी एकेचाळीस क्रमांक तीनदा पुकारला. कोणी पुढे आले नाही.

शुक्रवारी बुधरी आली. नवरा सहा दिवसांपूर्वी घर सोडून गेला, असे तिने खालच्या आवाजात सांगितले. मग म्हणाली, "माह्या पाठीवरचा चट्टा त्यानं पाह्यला असन. किळस आली असन."

लटारूभाऊंनी पुठ्ठा बाजूला काढला, पाने उलटली आणि तिचे बोट धरून मंगरूच्या ओळीवर ठेवले. तो का आला होता आणि का गेला, हे त्यांनी तिला एकदाच, सलग सांगितले. ती त्या अंगठ्यांवरून हळूहळू बोट फिरवत राहिली.

"तुले ठाऊक होतं?"

"होतं."

"तो इथी उभा होता, तवा?"

"तवाबी."

तिने आपल्या गोळ्या घेतल्या, मंगरूच्याही मागून घेतल्या, आणि टोल्याकडे न जाता ती नदीच्या वाटेला लागली.

लटारूभाऊंनी नदीपलीकडील वसाहतीला पत्र पाठवले. मंगरू तेथे पोहोचला काय, आणि त्याच्या मागोमाग त्याची पत्नी आली काय, एवढेच विचारले होते. दीड महिन्याने दोन ओळींचे उत्तर आले: वसाहतीतील रुग्णांची नावे बाहेरच्या व्यक्तीस कळविण्याचा नियम नाही. लटारूभाऊंनी ते पत्र घडी घालून रजिस्टरात ठेवले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बरोबर लिहिलं हाय."

त्यानंतर दर मंगळवारी ते एकेचाळीस आणि दर शुक्रवारी त्र्याऐंशी हा क्रमांक पुकारत. सहा महिन्यांच्या गैरहजेरीनंतर नाव कमी करावे, असा नियम होता. इतर सर्व नियम पाळणाऱ्या त्या माणसाने तो पाळला नाही, आणि डॉक्टरांनीही त्यांना कधी विचारले नाही. सुगंधाबाईंनी एकदा विचारले, "कोनाले बोलावतो, भाऊ?" त्यांनी पुन्हा क्रमांकच सांगितला. त्या दिवसापासून सुगंधाबाईंनी चेष्टा केली नाही.

हे मी १९५८ पर्यंत, माझी बदली होईस्तोवर ऐकले. त्या पुकाऱ्याला कधी कोणी पुढे आले नाही. परंतु त्या दोहोंपैकी कोणताही क्रमांक उच्चारला गेला की ओसरीसमोरची माणसे, कोणी सांगितलेले नसताना, थोडी बाजूला सरकत आणि मध्ये एका माणसापुरती वाट मोकळी ठेवत.